आमच्या मोटारीचे बार

हळदीकुंकवाला चार जणी जमल्या, की आधी लोणची निघतात, मग सासवा निघतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ते मोटारीचं सांगा ना!" एक किस्सा सांगावा, तर दुसरा पदर ओढतो.

मेहकरात तेव्हा मोटारी मोजक्याच. आमच्या ह्यांनी जिनिंगमधली नोकरी सोडून भाड्यानं चालवायला एक जुनी मोटार विकत घेतली. जागेवर उभी असली, की उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखी थडथडायची. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की सायलेन्सरमधून धडाम! बार!

*

पहिल्याच दिवशी सासूबाई घोंगडी घेऊन अंगणात आल्या. "हिले हिव भरलं व्हय रे?"

"आई, इंजिन आहे ते!"

"मंग निजू दे ना तिले! काऊन तरास देतं?"

*

एकदा हे कांद्याची पोती घेऊन निघाले. देऊळघाटच्या शिवेवर मोटारीनं लागोपाठ तीन बार काढले. गावात नेमकं लग्न! वऱ्हाड आलं समजून वाजंत्री सुरू झाली, बायका पंचारती घेऊन धावल्या. मोटारीतून उतरले हे एकटेच.

"नवरदेव कुठी हाय?"

"नवरदेव नाही जी, कांदे हायेत!"

ही बातमी ह्यांच्या आधी मेहकरात पोचली. मामंजी म्हणजे माझे सासरे, ते भडकले. "लय झाली शोभा! जळगाव जामोदच्या शेटले मी शब्द देला. खंडेनवमीले तो येईन. मोटार आवडली तं घेऊन जाईन."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "ती धड झाली, की मामंजी विरघळतील." आणि सोळा सोमवार धरले. शिवाय चतुर्थी. शिवाय गुरुवार.

*

लतीफभाई मिस्त्री आले. त्यांनी त्या दिवशी फक्त कार्बोरेटर उघडून साफ केला. हे घायकुतीला आलेले. "प्लग, पॉइंट, सारं आजच बदलून टाका ना!"

"नाही भाऊ. एका वक्ताले एकच. सारं संगंच बदललं, तं नेमकं कशानं सुधरली ते कसं समजन?" मग हळूच माझ्याकडे वळून, "भाभी, तुम्ही बी उपास एकेकच धरा. कोन्ता देव पावला, मालूम नको का?"

मी म्हटलं, "लतीफभाई, देवांमध्ये अशी भांडणं नसतात!"

*

आणि एके दिवशी सापडलं! चालू इंजिनाजवळ लतीफभाई कान देऊन बसले. कार्बोरेटरच्या बुडाशी बारीक सूं सूं येत होतं. त्यांनी ब्रशनं तिथं थोडं रॉकेल लावलं, तशी थडथड क्षणभर थांबली.

"इथूनच हवा खाऊन राह्यली ही!"

पॅकिंग चिरलेलं होतं. नवं बसवलं आणि काय सांगू! मोटार मांजरीसारखी गुरगुरायला लागली. हे लहान मुलासारखे उड्या मारत होते. मामंजी पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसले, देवळापर्यंत जाऊन आले. ह्यांनी धीर करून विचारलं, "बाबा, आता तरी शेटला नाही म्हणता?"

"शब्द म्हंजे शब्द!"

*

खंडेनवमी उजाडली. मी मोटारीच्या पूजेचं ताट करत होते, पण देवाला आता मागू काय? बिघडव म्हणावं, तर झालेल्या सोमवारांचं काय!

अंगणात लतीफभाई ह्यांना शेवटचं समजावत होते. "प्लगच्या वायरी ध्यानात ठेवा. या दोन इकडच्या तिकडं झाल्या, तं पुन्हा बार चालू!" मामंजी ओट्यावर पाठ करून पान लावत बसले होते.

शेटजींची बस आली. हे आणि लतीफभाई त्यांना आणायला स्टँडवर गेले. मी आत वाती वळत होते.

शेटजी आले, ऐटीत बसले, स्टार्टर ओढला.

धडाम! धडाम! शेटजींची टोपी मांडीवर, शेटजी अंगणाबाहेर!

"मोटार हाय का तोफ? मले नाही पाह्यजे!"

"तुमची मर्जी," मामंजी शांतपणे म्हणाले. "म्या काही शब्द मोडला नाही."

ह्यांनी बॉनेट उघडलं. दोन वायरी एकमेकींच्या जागी! हे लतीफभाईंकडे बघतात, लतीफभाई ह्यांच्याकडे.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "अवो, धोतराले हे काळं काय लागलं?"

"काजळी," मामंजी म्हणाले. "पूजेचा दिवा लावत व्हतो."

मी ताटाकडे पाहिलं. निरांजनातली वात पांढरी शुभ्र होती.