आईचं दार बाहेर उघडतं

माझी आई निवृत्त विज्ञान शिक्षिका, वय वर्षं ब्याऐंशी. लोक नीट बघून चालले तर जगातले निम्मे अपघात टळतील, असं तिचं ठाम मत आहे. गेल्या पावसाळ्यात ती स्वतःच नीट बघून चालली नाही. तिथून आमच्या घरात दारावरून जी भांडणं सुरू झाली, ती संक्रांत उलटून गेली तरी मिटली नाहीत.

आई कात्रजच्या अलीकडे एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर एकटी राहते. मी तिची एकुलती एक मुलगी, वाघोलीला. मध्ये अख्खं पुणे आडवं. तिच्या घरात शिरलं की आधी तीन फुटी चिंचोळा बोळ लागतो आणि मग हॉल. त्या बोळातल्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि दाराला लागून आडवी पडली. मी त्या सकाळी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला आले होते. बेल वाजवली, उत्तर नाही. माझ्याकडच्या चावीने कुलूप काढलं, दार ढकललं, तर ते दोन बोटं उघडलं आणि मऊशा कशाला तरी टेकून थांबलं.

"ढकलू नकोस," आतून आवाज आला. "इथे मी आहे."

खिडक्यांना गज, आणि घराला दुसरं दार नाही. दोन बोटांच्या फटीतून मला तिचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. माझी पाचावर धारण बसली. मी एकीकडे रडत होते आणि दुसरीकडे सूचना देत होते. शेवटी आई म्हणाली, "तू गप्प बसलीस तर मला सरकायला जमेल." ती पाऊण तास इंच इंच सरकत होती आणि मी बाहेर पायरीवर गप्प बसले होते. इतका वेळ गप्प बसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

मनगटावर निभावलं. पण प्लास्टर निघायच्या आत मी तिला बजावलं, "एक तर वाघोलीला माझ्याकडे राहायला चल, नाहीतर हे दार बदलून बाहेर उघडणारं करून घे. तिसरा पर्याय नाही."

तिला घर सोडायचं नव्हतं. त्या घरात तिचे बासष्ट कुंड्यांतले प्रयोग आहेत, खिडकीतून दिसणारं तिचं शिरीषाचं झाड आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे तिला कोणी 'आता झोपा' म्हणत नाही. पण दार बाहेर उघडायचं, हेही तिला पटेना.

"आलेल्या माणसाच्या अंगावर दार उघडायचं? कोणत्या घराची रीत ही?"

"पडलेल्या माणसाच्या अंगावर उघडण्यापेक्षा बरी."

मग तिने शास्त्र काढलं. जिने जन्मभर वर्गात अंधश्रद्धेवर धडे घेतले, जिने माझ्या लग्नात पत्रिका बघू दिली नाही, ती बाई आठवडाभर वास्तुशास्त्राची गाढी अभ्यासक झाली. दार बाहेर उघडलं तर लक्ष्मी परत जाते म्हणे. मी म्हटलं, "आई, लक्ष्मीला चार हात आहेत. एका हाताने दार ओढून घेईल ती." यावर आईने माझ्याकडे बघितलं, ते शाळेत मागच्या बाकावरच्या मुलींकडे बघायची तसं. पण वास्तुशास्त्र त्या दिवसापासून बंद झालं.

सुतार मी शोधला. लोणी काळभोरचा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्याने जुन्या दारावर बोटाने टकटक केली आणि चेहरा पाडला. "आजी, सागवानी हाय. असं दार आता मिळत न्हाई. का काढताय?"

"मी नाही काढत. ही काढतेय," आई माझ्याकडे हात करून म्हणाली. जणू मी तिचं मंगळसूत्रच विकायला काढलं होतं.

त्याने समजावून सांगितलं की नुसत्या बिजागऱ्या उलट्या बसवून भागत नाही. दार जिथे टेकतं ती चौकटीतली खाच आतल्या बाजूला असते, म्हणून चौकटच फिरवून बसवावी लागेल. शिवाय बिजागऱ्या बाहेर आल्या की चोर त्यांचा खिळा काढून दार अलगद उचलून नेऊ शकतो. त्यावर आईचे डोळे लकाकले. तिला मुद्दा सापडला होता. पण सुतार शांतपणे म्हणाला, "खिळा निघत न्हाई अशी बिजागरी येती. ती लावू. आन् दार तेच ऱ्हाईल तुमचं, नवं कशाला?"

आईचा विरोध तिथे निम्मा गळाला. उरलेला निम्मा त्याने चहा पिताना संपवला. तो म्हणाला, दवाखान्यात, थेटरात, जिथं जिथं माणसांना पटकन बाहेर पडावं लागतं, तिथं दारं बाहेरच उघडतात. आई म्हणाली, "म्हणजे आता माझ्या घराचं थिएटर." पण ते हसून म्हणाली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मागे उभी राहून ती त्याला काटकोन तपासायला लावत होती.

दिवाळीच्या आधी दार फिरलं. आता आपल्याकडच्या माणसाची खोड अशी की बेल वाजवली की तो मागे सरत नाही. दाराला नाक लावून उभा राहतो, आतली पावलं ऐकतो. पहिल्या पंधरा दिवसांत आईने कुरिअरवाला, दोन शेजारणी आणि वर्गणी मागायला आलेलं अख्खं मंडळ दाराने मागे ढकललं. मला वाटलं, ती आता तक्रार करेल. कसली तक्रार! तिला ते फारच आवडलं. "वर्गणीवाले एका पायरीने खाली गेले," ती मला फोनवर सांगायची, "आणि आकडाही खाली आला."

मी निश्चिंत झाले. दाराचा प्रश्न सुटला, आई तिच्या घरात राहिली, माझी झोप परत आली. संक्रांतीपर्यंत.

बाबा गेल्यावरही आईने चालू ठेवलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अकरा जणी आल्या. मी तिळगूळ वाटायला मदतीला होते. येणारी प्रत्येक जण दाराशी थांबली, चपला काढल्या आणि आत आली. दाराशी म्हणजे अगदी दाराशी. चपला उंबरठ्यापासून हातभर लांब काढल्या तर त्या चोरीला जातात, अशी आपल्या सर्व बायकांची श्रद्धा आहे. गार वारा सुटला म्हणून शेवटच्या बाईने आत येताना चपला पायाने कठड्याकडे सारल्या आणि दार ओढून घेतलं. तासाभराने पहिली बाई जायला निघाली, तिने दार ढकललं, आणि ते चार बोटं उघडून गच्च बसलं.

बाहेरचा ओटा चार फुटी, समोर कठडा. दार आणि कठडा यांच्यामध्ये अकरा जणींचे बावीस पाय, म्हणजे त्यांच्या चपला. जितकं ढकलावं तितका ढीग कठड्याशी घट्ट होत होता. एका सँडलची टाच दाराखाली पाचरीसारखी बसली होती.

मग आमच्याकडे जे झालं त्याला हळदीकुंकू म्हणवत नाही. कोणी केरसुणीचा दांडा फटीतून घातला. दुसरीने तो धरला. तिसरी खाली वाकून दिशा सांगत होती. मागून एक आवाज, "अहो, ती मोरपंखी माझी आहे, कालच घेतलीय, तिला टोचू नका!" शेवटी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांना हाका मारल्या. ते खाली आले, त्यांनी परिस्थिती पाहिली, चष्मा लावला, आणि एकेक चप्पल उचलून आधी जोड्या लावल्या. सगळ्या जोड्या. ओळीत. आत अकरा बायका ताटकळलेल्या असताना. मग म्हणाले, "हं, या आता."

सगळ्या हसत हसत गेल्या. मी मात्र हसू शकले नाही. मी हॉलमध्ये वाणाच्या डब्या उचलू लागले. अकरा धडधाकट बायकांना जे दार उघडता आलं नाही, त्यामागे आई एकटी असती तर? बाहेर कोणी खोकं ठेवून गेलं असतं तर? मी हौसेने, हट्टाने बसवून घेतलेलं दार तिला कोंडणारं निघालं होतं.

आई मात्र तिळगुळाचा उरलेला चुरा खात होती. "दार आत उघडलं तर मी आडवी, बाहेर उघडलं तर चपला आडव्या," ती म्हणाली. "प्रगती आहे."

"बस्स झालं आई. तू वाघोलीला येतेस."

ते तिला लागलं. तिने तसं दाखवलं नाही, पण खायचं थांबवलं. मग म्हणाली, "आठ दिवस दे."

त्या आठ दिवसांत तिने काय काय केलं ते मला नंतर कळलं. चपलांची मांडणी पायऱ्यांच्या खाली नेली. ओटा मोकळा केला. कुरिअरवाल्यांना खिडकीशी यायला सांगितलं, आणि ते खरोखर येऊ लागले, कारण दाराचा अनुभव सगळ्यांनाच होता. बोळात खरखरीत फरशी बसवून घेतली. आणि रविवारी सकाळी मला फोन केला: "अकराला ये. चावी घेऊन ये. घाई करू नकोस, पण उशीरही करू नकोस."

मी अकराला पोचले. बेल वाजवली, उत्तर नाही. पुन्हा वाजवली, हाका मारल्या. कुलूप काढताना चावी दोनदा हातातून पडली. दार ओढलं, ते अलगद, पूर्ण उघडलं.

आई बोळात जमिनीवर आडवी पडली होती. डोक्याखाली उशी, अंगाखाली सतरंजी, हातात मनगटी घड्याळ.

"तीन मिनिटं," ती म्हणाली. "त्यातली दोन तू चावीत घालवलीस."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती शांतपणे ऐकत होती, पडल्या पडल्या. "हाकेला ओ दिली असती तर प्रयोगच बिघडला असता," ती म्हणाली. "पडलेल्या माणसाला ओ देता येईलच असं नाही. दार मला लागलं का? नाही. तुला आत येता आलं का? आलं. मग झालं की. वाघोलीचा विषय संपला." मी उंबरठ्यावरच बसले आणि भडाभडा रडले. तिचं बरोबर होतं, दार बिनचूक होतं, आणि मला तिचा इतका राग आला होता की तिला मिठी मारावी की तसंच पडू द्यावं, ते कळेना.

माझं रडणं संपेपर्यंत ती थांबली. मग हात वर करून म्हणाली, "आता उठव मला. तेवढं एकटीला जमत नाही."

मला एकटीलाही ते जमलं नाही. माझे गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. शेवटी मी हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची आणली, तिने तीवर कोपरं टेकली, मी मागून धरलं, आणि तिसऱ्या खेपेला ती उभी राहिली. दोघींना घाम फुटला होता. दार सताड उघडं होतं आणि त्यातून आत येणारं, मी वाघोलीत असताना, कोणीही नव्हतं. हे दोघींनाही एकदमच कळलं असावं, कारण आईने आधी उघड्या दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"सोमवार ते गुरुवार मी इथे राहायला येते," मी म्हटलं. "माझी नोकरी संपलीय, नवरा स्वयंपाक शिकतोय, त्याला सराव होईल."

आईने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. खूप वेळ केल्या.

"ये," ती म्हणाली. "पण कपाटातला एकच खण मिळेल."