नॉर्ब डेस्ट्रीच्या गॅरेजमधला रविवार

नॉर्ब डेस्ट्रीच्या गॅरेजमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला बसलं की टीव्हीवर काय होणार ते आधीच कळायचं. त्याचं घर स्टेडियमच्या इतकं जवळ होतं की तिथला आरडाओरडा भिंतीतून थेट आत यायचा, आणि चित्र मात्र काही क्षण मागून, रमतगमत. लोक ओरडले की आम्ही बाटल्या उंचावायचो आणि मग कशासाठी उंचावल्या ते बघायचो. बाहेरगावचे पाहुणे चक्रावून जायचे. आम्हा ग्रीन बे गावच्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही.

नॉर्ब आणि मी कागदाच्या मिलमध्ये एकाच पाळीला होतो. बेल्जियन घराण्यातला माणूस, बुटका आणि दाराएवढा रुंद. एरवी मितभाषी, पण संघाच्या बचावफळीचा विषय निघाला की ऐकणाऱ्याची धडगत नसायची. "चेंडू फेकणाऱ्याचे फोटो भिंतीवर लावतात आणि सामने बचाव जिंकून देतो," हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याची बायको आर्लीन म्हणायची, "मधुचंद्राला याने मला बचावाच्या तीन रचना शिकवल्या. चौथी शिकवायच्या आत मी झोपले." आर्लीन आता नाही. ती होती तोवर त्या घरात हसू होतं.

सामन्याच्या रविवारी त्याच्या अंगणात लोकांच्या गाड्या लागायच्या आणि गॅरेजच्या दाराशी बूया शिजायचा. कोंबडी, बैलाचं शेपूट, कोबी, गाजरं, बटाटे, सगळं एका प्रचंड कढईत घालून सकाळपासून ढवळत राहायचं. आमच्याकडे प्रत्येक घरचा बूया वेगळा, आणि आपला सोडून बाकीच्यांचा म्हणजे भांडी घासल्याचं पाणी. नॉर्बचा मात्र खरंच चांगला असायचा. हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

ढवळायचं काम वेनचं, म्हणजे नॉर्बच्या मुलाचं. चाळिशी ओलांडलेला, उंच, आईसारखा देखणा. उजेड सहन होत नाही म्हणून गॅरेजमध्येसुद्धा काळा चष्मा. नोकऱ्या लागल्या आणि सुटल्या, बायको आली आणि गेली, शेवटी तो बापाच्या घरी परत आला. त्याचे हात थरथरायचे. वल्ह्याएवढी ती लाकडी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली की थरथर दिसत नसे, म्हणून नॉर्बने ते काम त्याला दिलेलं. दुसऱ्या कुणी काठीला हात लावला तर नॉर्ब अंगावर यायचा.

वेन असा का झाला ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नसे. शाळेत असताना वेन संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे सगळा डाव ज्याच्या हातातून सुटतो तो. नॉर्ब मिलमधून सुटला की शाळेच्या मैदानावर जाऊन मुलांचा बचाव तयार करायचा, हौसेने. बाद फेरीचा सामना होता आणि मी प्रेक्षकांत बसलो होतो. नॉर्बची बचावफळी दमली होती, चेंडू आमच्या क्वार्टरबॅककडे राहिला तरच तिला बाहेर टेकायला मिळणार होतं, आणि हातात आलेली आघाडी निसटत होती. तेवढ्यात वेनचं डोकं जमिनीवर आपटलं. उठला तो भलत्याच दिशेने चालू लागला. मुख्य प्रशिक्षक नॉर्बला म्हणाले, "पोरगा तुझा आहे, तू ठरव."

दुसऱ्या कुठल्या बापाने आज वार कोणता ते विचारलं असतं, आईचं नाव विचारलं असतं. नॉर्बने फुटबॉल विचारला. "त्यांचे आठ जण पुढे सरकले तर काय करशील?" वेनने घडाघडा सांगितलं. न सांगून काय करतो? वर्षभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाची बाटली, मिरपुडीची बाटली आणि चमचे मांडून बापाने त्याच्याकडून तेच तर घोटून घेतलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. नॉर्बला वाटलं डोकं शाबूत आहे, आणि त्याने पोराला परत आत पाठवलं. आम्ही जिंकलो. शेवटच्या डावात वेन दुसऱ्यांदा आपटला तो उठलाच नाही. इकडे शाळेचा बँड वाजत होता आणि तिकडे त्याला रुग्णवाहिकेत घालत होते. मीसुद्धा त्या बँडवर टाळ्या वाजवल्या होत्या.

एकदा आम्ही दोघं गोठलेल्या उपसागरावर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलो होतो. मासा काही लागत नव्हता. नॉर्ब अचानक म्हणाला, "लिरॉय, त्याने एकदा मला तोंडावर शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं झालं असतं. पोरगा भांडतच नाही रे माझ्याशी." मी गळाची दोरी उगाच ओढून पाहिली. बापाला आपल्या मुलाचा राग हवा होता आणि तो कुठे मागून मिळतो?

वेन भांडायचा, पण वेगळ्याच गोष्टीवरून. सामन्यात आमचा क्वार्टरबॅक जखमी झाला की नॉर्ब म्हणणार, "बसवा त्याला बाहेर." आणि वेन ओरडणार, "पाठवा त्याला! ठीक आहे तो!" दर वेळी. मला वाटायचं, ज्याची अशी दशा झाली त्याला एवढंही कळू नये? मी मनातल्या मनात वेनला मूर्ख ठरवून टाकलं होतं.

त्या रविवारी शिकागोवाल्यांशी सामना होता. डिसेंबर, बाहेर बर्फ. त्या मोसमात आमचे दोन क्वार्टरबॅक आधीच जायबंदी झाले होते, एकाचा खांदा, एकाचा गुडघा, आणि तिसरा म्हणजे अगदी कालचं पोर. गॅरेजमध्ये आम्ही चौघं होतो. मी, नॉर्ब, वेन आणि आर्लीनचा भाऊ बुच लेमेन्स, जो नळदुरुस्ती करतो आणि सामना बघताना सगळ्या गावाला ऐकू जातो.

"चाळणी आहे ही, चाळणी!" बुच बोंबलला. "याला बचाव म्हणतात? माझी सासू वॉकर घेऊन आरपार गेली असती!"

"तुझी सासू तुझ्यापेक्षा जोरात पळते ते आम्हाला माहीत आहे," मी म्हणालो.

"बचावाला कशाला शिव्या देतोस?" नॉर्ब म्हणाला. "चेंडू आपल्याकडे टिकतोय कुठे? बचावाची पोरं बाकावर टेकतात न टेकतात तोच पुन्हा आत. तू न थांबता दिवसभर संडास उपसून दाखव, मग बोल."

"मी उपसतो! आणि तरी माझ्या हातून एवढी गळती होत नाही!"

वेन हसला. आणि तेवढ्यात स्टेडियम गप्प झालं.

हे आमच्या कानांना फार वाईट. एवढी माणसं एकदम गप्प होतात म्हणजे आपला कुणीतरी पडलाय. टीव्हीवर पोरगा अजून चेंडू हातात घेऊन उभा होता, ठणठणीत. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो आपटला, आधी पाठ आणि मग डोकं. त्याला धरून मैदानाच्या कडेच्या निळ्या तंबूत नेलं, तिथे डॉक्टर तपासतात.

"येईल परत," बुच म्हणाला. "आलाच पाहिजे. मागे उरलाय कोण? त्या चौथ्याला चेंडू कुठून धरायचा ते माहीत नाही."

"नको," नॉर्ब म्हणाला. "बसू दे त्याला. बचाव घेईल बघून."

"कुठला बचाव? हा?"

"हाच. बचाव धड असेल ना, तर डोकं आपटलेल्या पोराला परत पाठवायची वेळ येत नाही."

"पाठवा त्याला!" कढईपाशी उभा असलेला वेन ओरडला. "ठीक आहे तो!"

"ऐक, ऐक तुझा मुलगा काय म्हणतोय ते!" बुचला आणखी चेव चढला. "तू भित्रा झालास, नॉर्ब. तेव्हा नव्हतास असा. तेव्हा तर स्वतःच्या पोराला..."

त्याने जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून गेला होता. नॉर्बचा चेहरा पांढरा पडला. मला बुचच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मोठमोठ्याने बोलणाऱ्या माणसांचं हेच असतं, एक दिवस नको ते बोलूनच थांबतात.

वेनची काठी थांबली होती. "बुचमामा," तो शांतपणे म्हणाला, "मी ठीक होतो तेव्हा. बाबाने मला विचारलं होतं. आणि मी बरोबर सांगितलं. सांगितलं ना, बाबा?"

"हो," नॉर्ब म्हणाला.

"त्यांचे आठ जण पुढे सरकले तर..." आणि वेन सांगू लागला. कोण कुठे पळेल, चेंडू किती लवकर सोडायचा, कुणाच्या खांद्यावरून टाकायचा. सकाळी काय खाल्लं ते ज्याला आठवत नाही, तो हे सगळं न अडखळता म्हणून गेला.

त्याचं संपतंय तोच बाहेर स्टेडियम गर्जलं. आमच्यापैकी कुणीही बाटली उचलली नाही. थोड्या वेळाने टीव्हीवर दिसलं, पोरगा तंबूतून बाहेर आला, हेल्मेट चढवलं आणि धावत आत गेला.

वेनचा चेहरा खुलला. "बघ बाबा! पाठवलं त्याला! त्यांच्याकडे तर एवढे डॉक्टर आहेत, तंबू आहे, सगळं आहे. तरी पाठवलं. मग तुझं कुठे चुकलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं हा मुलगा बापाची बाजू लढवत होता आणि आम्ही त्याला वेडा समजत होतो. माझी मलाच लाज वाटली.

नॉर्ब उठला आणि त्याने टीव्ही बंद केला. आमच्या गावात चालू सामन्यात टीव्ही कुणी बंद करत नाही, घरात कुणी मेलं तरी. नॉर्ब वेनच्या समोर जाऊन उभा राहिला.

"वेन, माझं चुकलं होतं," तो म्हणाला. "तुझा एक डोळा भलतीकडे बघत होता. मला दिसत होतं ते. तुला जे पाठ होतं तेच मी विचारलं, कारण मला तू आत हवा होतास. माझा बचाव दमला होता आणि मला हरायचं नव्हतं."

वेन काठी धरून उभा. काळ्या चष्म्यामागे काय चाललं होतं ते दिसत नव्हतं.

"तुला राग येत नाही का रे माझा?" नॉर्बने विचारलं. "एकदाही आला नाही?"

वेनने बराच वेळ विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी त्याने तो प्रामाणिकपणे घेतला.

"येतो ना, बाबा," तो म्हणाला. "खूप येतो. वरच्या खोलीत असतो तेव्हा येतो. मग तुला सांगायला म्हणून मी जिना उतरतो, आणि खाली येईपर्यंत विसरून जातो."

नॉर्ब तिथेच, कढईशेजारी, आमच्यासमोर रडला. मी आणि बुच खाली जमिनीकडे बघत बसून राहिलो.