गोदाचं तांब्याचं कडं

बाजारात भाव पटला नाही की आमची गोदा मनगटातलं तांब्याचं जाड कडं काढून थेट तराजूत टाकायची. "हे घे. हा पैसाच हाय."

शहागंजातला भाजीवाला सलीम कपाळाला हात लावायचा. "अम्मा, ये इधर नहीं चलता!"

"आमच्या टुंडेच्या मुलखात चालायचा. तुझाच मुलूख मागं."

शेवटी तो कोथिंबिरीची जुडी वर घालून सुटका करून घ्यायचा. मी बायकोला ओळखत नसल्यासारखा लांब उभा.

टुंडे म्हणजे पुढच्या खोलीतला आमचा भाडेकरू. नायजेरियाचा, जातीनं योरुबा, इथं कॉलेजात शिकायला आलेला. गोदाला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत होतं ते 'माय, भाकर' एवढंच. तेवढ्यावर त्याचं शिक्षण पार पडलं. जाताना त्यानं आपल्या आजीचं कडं गोदाच्या हातात घातलं. आजीच्या माहेराकडं पूर्वी असल्या कड्यांवर बाजारहाट व्हायचा, मग सरकारनं ते बंद केलं, हे त्यानं खुणा करून सांगितलं. मला काही कळलं नाही. गोदाला लगेच कळलं. पोलीस ॲक्शननंतर पुढं निजामाचा हाली शिक्का बंद झाला, तेव्हा तिच्या बापानं घरातले रुपये आटवून तिला चांदीच्या कड्यांचा जोड केला होता.

"पैसा बंद पडला की बायकांच्या हातात येतो," ती म्हणाली, आणि त्यातलं एक कडं काढून टुंडेच्या मनगटात घातलं.

मी ओरडलो, "अगं, तांब्याला चांदी?"

"शेजारणीची वाटी मी कधी रिकामी धाडली का? मग लेकराला रिकाम्या हातानं कशी धाडू?"

तेव्हापासून एका हातात चांदी, एका हातात तांबं. पाचोडच्या लग्नात माझ्या बहिणीनं टोमणा मारला, "वहिनी, जोड मोडला की!"

"मोडला नाय वन्सं. एक परदेशी गेलंय शिकायला."

यंदा गोदा गेली. चांदी लेकीनं नेली, बरोबरच केलं. तांबं कुणी मागितलं नाही. त्या कड्याचं तोंड उघडं, कुणाच्याही हातात बसतं. माझ्याही बसलं.

परवा सलीम वांग्याचा भाव लईच सांगत होता. मी कडं काढून तराजूत ठेवलं. त्यानं कडं उचलून माझ्या हातात दिलं आणि पिशवीत जुडी टाकली.

"चलता है, बाबा."

घरी आलो. कोथिंबीर निवडायचं काम गोदानं मला कधी करू दिलं नाही. मुळासकट वरणात टाकली, आणि खाल्ली.