वाळत घातलेले बूट

सकाळी गॅलरीत गेलो तर कठड्याशी आईचे कॅनव्हासचे बूट वाळत होते. नाड्या काढून, वेगळ्या धुऊन, शेजारी दोरीवर चिमटा लावून ठेवलेल्या.

आठवडाभर मी आणि माझी बायको मंजिरी इंडोनेशियाची सहल स्वस्तात कशी बसेल तेच बघतोय. केवढा तो देश, बेटागणिक भाषा निराळी, देव निराळे. तिथली अनोळखी माणसं बघायची आम्हाला केवढी हौस, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला साधं विचारलंही नाही. आईला दगदग झेपणार नाही, हे आम्हीच ठरवून टाकलं. दोघांचीच खोली स्वस्त पडते, हे त्यामागे होतंच. भात तिकडे कुठेही मिळतो, म्हणून सोबत न्यायचं मेतकूट मात्र तिलाच करायला सांगितलं.

काल ती डाळी भाजत होती. म्हणाली, "जरा जास्तच करते. तिघांना पुरायला हवं ना."

मी "हं" म्हणालो आणि स्वयंपाकघरातून बाहेर आलो.

आता ऊन सरकलं होतं. बूट आतून अजून ओलेच होते. मी ते उचलून उन्हात ठेवले. तेवढंच मला जमलं.