नव्या पेठेची झडतीवाली

नव्या पेठेच्या पोलीस चौकीत हुसेनबीला पगार मिळायचा तो बायकांची झडती घेण्याचा. तिचा नवरा इलाही याच चौकीत हवालदार होता. तो प्लेगात गेला आणि मागं राहिलेल्या बाईला काहीतरी आधार द्यावा म्हणून दरबारनं हे काम तिच्या पदरात टाकलं. बाई चाळिशीची, उंच, दणकट हाडाची. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि तोंड कधी थांबायचं नाही. शिपाई तिला चाची म्हणत, पण चार हात लांब उभे राहून म्हणत.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. आगगाडी कोल्हापुरात येऊन बरीच वर्षं झाली होती आणि स्टेशनाच्या अंगाला गुळाची ही पेठ हां हां म्हणता वाढत होती. जिथं पूर्वी शाळवाची रानं होती तिथं गुदामं उभी राहिली, गुदामांना चिकटून अडतीची दुकानं, दुकानांना चिकटून हमालांच्या झोपड्या. गटारं काढायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हुसेनबी जुन्या गावात, गंगावेशीत वाढलेली. ती म्हणायची, "गाव वसतंय तसं हे वसलं न्हाय. हे सुजलंय."

पेठ सुजली तरी चौकी होती तेवढीच राहिली. एका गुदामाचा अर्धा भाग भाड्यानं घेऊन तिथं कचेरी थाटली होती. कोठडी म्हणजे जुनी गुळाची खोली. तिची जमीन कितीही धुतली तरी चिकट राहायची आणि भिंतीतून मुंग्यांची रांग कधी तुटायची नाही. रात्रभर मुंग्या चावून घेतलेला माणूस सकाळी काहीही कबूल करायचा, आणि फौजदार गणपतराव त्याला आपली तपासातली हुशारी समजायचे.

या गणपतरावांना हुसेनबीनं पहिल्या दिवशीच तोलून बाजूला ठेवलं होतं. मिशांना कलप, पायांत करकरणारे बूट. नेमणूक झाल्यावर त्यांनी तलवार टेकून फोटो काढून घेतला होता आणि तो चौकीत टेबलामागं लावला होता. तलवार फोटोवाल्याची होती. हमालांत मारामारी लागली की साहेब आधी पान खात, मग बुटाची नाडी बांधत, आणि डोकी फुटून माणसं घरी गेली की जागेवर हजर होत. बाकी सगळा दिवस ते बाळासो अडत्याच्या गादीवर लोडाला टेकलेले असत.

बाळासोही काही आकाशातून पडलेला नव्हता. वडगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करत फिरणारा माणूस इथं आला, गुळात पडला आणि वर आला. माडीचं घर बांधलं, खिडक्यांना लाल-निळ्या काचा बसवल्या. घर मोठं झालं तशी घरातली माणसंही आपोआप मोठी झाली, असं त्याच्या बायकोला, चिमणाबाईला वाटायचं.

हुसेनबीचं रोजचं काम संध्याकाळी असायचं. गुदामांतून बारदान शिवणाऱ्या बायका बाहेर पडत आणि दारातच ती त्यांचे ओचे, ओटी, अंबाडे चाचपून बघे. हात हलका नव्हता. कुणाच्या ओच्यात सुपारीएवढा गूळ निघाला की ती तो परत आत भिरकावायची आणि म्हणायची, "चोरायचंच तर गुळाचा आख्खा रवा चोर की. ह्येवढ्यासाठी अब्रू घालवतीस?" अडत्यांची तिला जितकी चीड, तितकीच या बायकांची. मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसांचा तिला तिटकारा होता. आपण त्यांना मान खाली घालायला लावतो, हे तिच्या मनात येत नव्हतं असं नाही. पण ते मनात आलं की तिचा हात आणखी जड व्हायचा.

चैत्रात बाळासोच्या घरी हळदीकुंकू झालं. मोठ्या घरांतून गौर बसवतात म्हणून यांनीही बसवली. पेठेतल्या झाडून सगळ्या मानाच्या बायका आल्या, फौजदारीणबाई अंबूबाईही आल्या. ऐन गर्दीत चिमणाबाईला आठवलं की सुनेची मोत्याची नथ चारचौघींना दाखवायची राहिली. डबी उघडली तर आत नथ नाही. मग जो कालवा झाला तो स्टेशनापर्यंत ऐकू गेला.

मागल्या दारी पन्ह्याची भांडी घासायला गुदामातली एक बाई आणून बसवली होती. धोंडुबाई तिचं नाव. आतल्या खोलीत तिनं पाऊलही टाकलं नव्हतं, कारण टाकू दिलं नव्हतं. तरी सगळ्यांची बोटं तिच्याकडंच वळली.

हुसेनबीला बोलावणं गेलं. गौर बसलेली, तेव्हा मुसलमानाच्या बाईला पुढल्या दारानं घेणं शक्य नव्हतं. तिला बोळातून फिरवून मागल्या अंगणात आणलं. फौजदार आधीच येऊन ओसरीवर पन्हं पीत बसले होते. तिला बघून ते उठून आले.

"कुणाकुणाची झडती घ्यायची?" हुसेनबीनं विचारलं.

"कुणाकुणाची म्हंजे? ती बसलीया न्हवं का, तिची."

"आणि आतल्या बायकांची?"

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? आत कोण बसलंय ठावं हाय? आमच्या घरातली मंडळी बी हाईत."

"म्हणून तर इचारलं, साहेब."

गणपतरावांनी कानाडोळा केला. धोंडुबाईला गोठ्यात नेलं. हुसेनबीनं दाराला पोतं लावलं आणि लुगडं सोडायला सांगितलं. धोंडुबाई तोंडातून आवाज न काढता रडत होती.

"रडू नगंस," हुसेनबी करवादली. "रडलीस की चोर दिसतीस."

कमरेला खोचलेला दाभण आणि सुतळीचा तुकडा निघाला. दुसरं काही नव्हतं. हुसेनबी बाहेर आली आणि तसं म्हणाली.

फौजदारांनी तिला बाजूला घेतलं. आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, पावण्यारावळ्यांत शेठजींची शोभा व्हायला लागलीया. नथ मिळंल तवा मिळंल. आज कुणीतरी धरलेलं दिसलं पायजे." आणि त्यांनी तिच्या हातात एक सुटा मोती ठेवला. "शेठजींनी काढून दिलाय. तिच्या ओच्यात गावला म्हणून सांग. नथीतला निखळला आसंल म्हणू. बाकीचं मी बगतो."

हुसेनबीनं तळहातावरच्या मोत्याकडं पाहिलं, मग त्या कलप लावलेल्या मिशांकडं. त्या क्षणी तिला धोंडुबाईची दया आली असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. तिला आली ती किळस. या माणसाला साधं खोटंसुद्धा स्वतःच्या तोंडानं बोलता येत नव्हतं. त्यासाठी एका विधवेची जीभ उसनी हवी होती. नवरा तिच्याशी भांडायचा, पगार उडवायचा, पण दुसऱ्याचं खोटं स्वतःच्या तोंडात त्यानंही कधी घेतलं नव्हतं.

ती वळली आणि सरळ ओसरीवर गेली. बाळासो चार अडत्यांबरोबर बसला होता. आतल्या दारात बायका दाटीनं उभ्या होत्या. तिनं मोती त्याच्यापुढल्या तबकात ठेवला.

"शेठजी, ह्यो तुमचा मोती," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "फौजदारसाहेबांकडं राहिलाता. त्यो त्या बाईच्या ओच्यात गावला म्हणून सांग म्हणाले. गावला आसता तर सांगितलं आसतं. न्हाय गावला."

एका अडत्याला खोकला आला. बाळासो तबकाकडं बघत राहिला, जणू मोती ही वस्तू तो पहिल्यांदाच पाहत होता. दारातल्या बायकांत मात्र कुजबूज सुरू झाली, आणि ती थांबवायचा एकच उपाय गणपतरावांना सुचला. ते ओरडले, "चला, संशयावर घ्या तिला चौकीत." पिराजी शिपायानं धोंडुबाईच्या दंडाला धरलं आणि भर पेठेतून तिला चालवत नेलं. हुसेनबी मागून गेली.

चौकीत धोंडुबाईला कोठडीत बसवलं आणि दिवस कलायला लागला. आता फौजदारांची खरी अडचण पुढं आली. बाईमाणसाला कोठडीत ठेवायचं तर राखणीला बाई पाहिजे, असा चौकीचा सक्त शिरस्ता होता. मागल्या फौजदाराची नोकरी त्याच पायी गेली होती. आणि राखणीची बाई म्हणजे हुसेनबी.

ती उठली. पायताणं घातली.

"कुठं निघालीस?" गणपतराव म्हणाले.

"घराकडं. मी निघालो."

"आणि हिची राखण?"

"तुम्ही धरून आणलीया, तुम्ही राखा."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे की. हितल्या मुंग्या तरी चावायच्या न्हाईत."

तरीही ती लगेच गेली नाही. समोरच्या पानपट्टीच्या फळीवर जाऊन बसली. गणपतराव काय करतात ते तिला बघायचं होतं, आणि त्यांनी तिची निराशा केली नाही. आधी त्यांनी पिराजीला बाळासोकडं पिटाळलं, घरातली एखादी बाई पाठवा म्हणून. तिथून निरोप आला की आमच्या बायका चौकी चढत नाहीत. मग फौजदार स्वतःच्या घरी गेले. घर चौकीच्या पाठीमागंच होतं आणि अंबूबाईंचा आवाज काही नाजूक नव्हता.

"मी बसू? कोठडीम्होरं? आणि उद्या पेठेत तोंड कुठं दावू? आन् ऐका, त्या मोत्याचं खरं हाय का? माझ्या डोळ्यांदेखत तुम्हांस्नी तिनं उघडं पाडलं, आणि तुम्ही माझ्याकडं राखणदारीण मागाय येताय?"

पानवाला हातातला कात तसाच धरून ऐकत होता. पिराजी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं गणपतराव परत आले ते बुटांची करकर न करता आले. अंधार पडायच्या आत त्यांनी धोंडुबाईला कोठडीतून काढलं, सकाळी हजर हो असं सांगितलं, आणि त्या घाईत पिराजीला तिची पायताणं द्यायला लावली. एका आरोपी बाईची पायताणं शिपाई उचलून देतोय, हे नव्या पेठेनं आजवर पाहिलं नव्हतं.

सकाळी धोंडुबाई हजर व्हायच्या आधी गावातला सोनार धापा टाकत चौकीत आला. हातात फडक्यात गुंडाळलेली नथ. तार ढिली झाली म्हणून चिमणाबाईनंच आठवड्यामागं त्याच्याकडं ती पाठवली होती. चोरीची बोंब त्याच्या कानावर गेली आणि आता आपल्यालाच आत घालतील या भीतीनं तो नथ घेऊन पळत सुटला होता. पुढं बाळासोच्या घरातून असंही बाहेर आलं की चिमणाबाईला ते आदल्या संध्याकाळीच आठवलं होतं. पण एवढं झाल्यावर तोंड उघडलं तर बायका हसतील, म्हणून ती गप्प राहिली. बायकांचं हसणं टळावं म्हणून एक बाई रात्रभर मुंग्यांत बसली असती तर तिला चाललं असतं.

माफी कुणी मागितली नाही. बाळासोनं धोंडुबाईच्या झोपडीवर गुळाचा एक रवा पाठवला आणि विषय संपला असं धरलं. धोंडुबाईनं रवा ठेवून घेतला. फेकून द्यायला तिची पोरं पोटभर जेवत नव्हती. मात्र त्या दिवसापासून ती बाळासोच्या गुदामात शिवायला गेली नाही. कसबा बावड्याच्या रानात तण काढायला, भांगलणीला जायला लागली.

हुसेनबीचं नाव त्याच आठवड्यात पटावरून कमी झालं. कारण लिहिलं उद्धटपणा, आणि ते काही खोटं नव्हतं. वर्षभर तिनं गंगावेशीत भावाकडं राहून गोधड्या शिवल्या. धोंडुबाई तिला बाजारात दोनदा दिसली आणि दोन्ही वेळा धोंडुबाईनं रस्ता बदलला. भावजय म्हणाली, काय बाई आहे, एवढं केलंत तिच्यासाठी. हुसेनबीनं तिला गप्प केलं. गोठ्यात आपल्याला उघडं बघितलेली बाई पुन्हा समोर नको, असं धोंडुबाईला वाटत होतं, आणि त्यात हुसेनबीला काही वावगं दिसत नव्हतं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही बोळ गाठला असता, हे तिला कळत होतं. पेठेतल्या इतक्या माणसांत तिला पहिल्यांदाच कुणाविषयी तुच्छता वाटली नाही, आणि ती नेमकी तिला चुकवणारी बाई होती.

पुढं पेठ आणखी फुगली. चौकीचं ठाणं झालं, गणपतरावांची बदली कुठल्याशा आडगावी झाली आणि फोटो त्यांच्याबरोबर गेला. नवा फौजदार तरुण होता. झडतीला बाई मिळेना म्हणून त्यानं पिराजीला हुसेनबीकडं पाठवलं. ती आली, टेबलापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "येतो कामावर. पर गुदामाच्या दारात उभं राहून बायका चाचपायचं काम माझ्याकडनं व्हायचं न्हाय. अडत्यांस्नी गूळ जपायचा आसंल तर त्यांनी आपल्या घरातल्या बायका उभ्या कराव्यात."

"अडते वरपर्यंत ओरडतील, बीबी," फौजदार म्हणाला.

"वरडू देत. दुसरी बाई गावली तर बगा."

दुसरी बाई गावली नाही. अडते वर्षभर ओरडले, मग दमले. हुसेनबी ठाण्यात नजर अधू होईपर्यंत राहिली. धरून आणलेल्या बायकांवर ती शेवटपर्यंत खेकसत होती. खेकसता खेकसता त्यांना पाणी द्यायची आणि मुंग्यांच्या भिंतीपासून लांब बसवायची.