सगळ्यांची मावशी

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. आईला हे माहीत नाही. पुण्यात माझ्याबरोबर राहणाऱ्या सानिकालाही माहीत नाही — आणि तिला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मागे एकदा लिहायला बसले होते, पण मधेच उठून भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी पुन्हा.

कुठून सुरुवात करू? लाजेची गोष्ट सांगायची म्हटली की आधी आपण किती चांगले होतो ते सांगावंसं वाटतं. ते राहू द्या.

मी जानेफळची. मेहकर तालुक्यातलं जानेफळ. हे एवढंसं वाक्य, पण पुण्यात आल्यापासून मी ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी एका मुलीला म्हणाले, "मले तुही बादली देतं काय?" खोलीतल्या सगळ्या हसल्या. वाईट नाही हसल्या, खरंच. एकीनं तर गालाला हात लावला, किती गोड बोलतेस म्हणाली. मग आठवडाभर ज्याला त्याला "मले, तुले" चाललं होतं. नीट ऐका — मला कुणी छळलं नाही. छळलं असतं तर आज सांगायला तेवढं तरी असतं.

मला फक्त ते हसू नको होतं. म्हणून मी ठरवलं. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पाढे म्हणावेत तसं म्हणायचे — मला, तुला, त्याला. "करून राह्यली" नाही, "करतेय". "हाव" नाही, "हो ना". घरी माझं बोलणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. इथं मी मितभाषी झाले. लोक मला शांत स्वभावाची म्हणू लागले. शांत! आमच्या गल्लीत कुणी ऐकलं असतं तर हसून लोळलं असतं.

भाषा बदलली की मागची गोष्टही बदलावी लागते. वडील बँकेत, सतत बदल्या, त्यामुळे "गाव असं आम्हाला नाहीच" — ही माझी थाप. हुशारीची थाप होती. गावच नाही म्हटल्यावर विचारणार काय? लहानपणी कथक शिकले असंही एकदा बोलून गेले. करून दाखव म्हटल्यावर गुडघा पुढे केला. मग त्या गुडघ्याचीही एक गोष्ट रचावी लागली, आणि जिना चढताना अधूनमधून लंगडावं लागलं. हसा. मीही हसायचे मनातल्या मनात. मजा येत होती मला, हे खोटं कशाला बोलू? वडील शेतकरी, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. घरात लपवण्यासारखं काही नव्हतंच. तरी लपवलं.

आता मावशी.

द्वारकामावशी, आईची थोरली बहीण. दुसरबीडला दिलेली. धाकट्या भावाच्या वेळी आई खूप आजारी पडली, तेव्हा मला मावशीकडे पाठवलं. आई बरी झाली तरी मी सातवीपर्यंत तिथंच राहिले. परत यायलाच तयार नव्हते. मावशीला स्वतःचे दोन मुलगे, मुलगी नाही. माझी वेणी घालताना ती केस इतके ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि वर म्हणायची, "रड, रड, पन वेनी पक्की पाह्यजे." मला चहावर साय लागायची. दुधावरची साय ती लोण्यासाठी साठवायची, पण त्यातली सकाळची पहिली माझ्या कपात. मुलगे कटकट करायचे, तर म्हणायची, "तुमाले काऊन पाह्यजे बे? थे पावनी हाये." मी सात वर्षं त्या घरात पाहुणी होते, असा आमचा विनोद.

नोकरी लागली, होस्टेलबाहेरच्या सानिकाबरोबर भाड्यानं फ्लॅट घेतला. दिवाळीला घरी जायचे तेव्हा सानिकाला सांगायचे, आईबाबांची बदली आता अमुक ठिकाणी झाली. त्यात एके दिवशी सानिका आणि तिचा मित्र ईशान यांनी लोणारचं सरोवर बघायचं ठरवलं. उल्का पडून झालेलं तळं, जगात असं क्वचितच कुठे, वगैरे. मी काय म्हणणार होते? शाळेच्या सहलीनं मी लोणार किती वेळा पाहिलं होतं! नाही म्हणायला कारण सुचलं नाही. आणि खरं सांगू — आपलाच मुलूख परक्यासारखा बघावा, असंही कुठेतरी वाटलं. मोठा गॉगल घेतला, गाडीत बसले.

जालना गेलं, सिंदखेडराजा गेलं, तशी मी खिडकीतून तोंड आत घेतलं. पुढं दुसरबीड, मग बीबी, मग लोणार. मावशीच्या थोरल्या मुलानं दुसरबीडला रस्त्यावरच नाश्त्याचं हॉटेल टाकलंय आणि कढईपाशी मावशी बसते, हे मला माहीत होतं. ईशाननं गाडीचा वेग कमी केला तेव्हा मी म्हणाले, "पुढे चांगलं हॉटेल असेल, तिथं थांबू." सानिकाला भज्यांचा वास आला होता. तिनं माझा हात धरून मला खाली उतरवलं.

मावसभाऊ कुठे दिसत नव्हता. मावशीनं झारा कढईत फिरवता फिरवता वर पाहिलं. गॉगलबिगल काही आड आला नाही. तिचा चेहरा असा फुलला — तो मला वर्णन करून सांगता येणार नाही, आणि सांगूही नये मी.

"गुड्डे! केव्हा आली वं तू? सांगतलं नाही काही!"

तिथं उभं राहून मला किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. तेवढ्यात "हो गं मावशी" म्हणता आलं असतं. फार तर काय झालं असतं? सानिका चकित झाली असती, थोडी रागावली असती, मग भजी खाल्ली असती. मी मागे वळून पाहिलं — जणू माझ्यामागे कुणी गुड्डी उभी आहे. मग पुन्हा पुढे वळले आणि म्हणाले,

"मावशी, तीन चहा द्या. आणि पोहे आहेत का?"

पुण्यात आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, झाडणारीला म्हणतो, डबेवालीला म्हणतो. मी तिला तशी मावशी म्हणाले. तोच शब्द. मला साधं खोटंही बोलावं लागलं नाही. आणि "द्या" म्हणाले. तिला. ज्या बाईशी मी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

सानिकानं विचारलं, "काय गं, ओळखतात का तुला?"

उत्तर मावशीनं दिलं. माझ्याकडे न बघता, भजी निथळत.

"नाही वो बाई. आमची एक पोरगी हाये अशीच. उनात डोये दिपते माहे, फसली मी. बसा तुमी, आनते."

तिला कळलं होतं. का केलं ते नसेल कळलं, पण मला तिनं त्या क्षणी ओळखायचं नाही, एवढं कळलं. आणि तिनं ते केलं — एखादी वस्तू मागितल्यावर द्यावी तसं.

पोहे आणताना तिनं सानिकाला विचारलं, "सांबार टाकू काय वरून?" सानिका खिदळली, "पोह्यांवर सांबार? इडली नाही का मग?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, कोथिंबीर. कोथिंबिरीला म्हणतात." ईशाननं मान वर केली, "तुला कसं माहीत?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्याच्या मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं. ऑफिसात पूर्वी एक वऱ्हाडातली होती, असं काहीतरी मी पुटपुटले. सानिका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

चहा आला. त्या दोघांचा नुसता. माझ्या चहावर साय.

सानिका म्हणाली, "ई, तुझ्या चहात साय आलीय." मी बोटानं ती साय काढली आणि खाली मातीत झटकली. मावशी चार पावलांवर उभी होती. तिनं पाहिलं. मग ती कढईकडे गेली.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. कबुली इथवरचीच असती, तर मी कधीच आईजवळ बोलले असते, असं मला वाटतं. पण गाडी सुरू झाली आणि मला सानिकाची ती नजर आठवली. तिला शंका आली असेल तर? ती पुसायची कशी? माणूस ज्याला हसतो, त्याचा तो नसतो — असं काहीसं माझ्या डोक्यात आलं असावं. मी डोक्यावर ओढणी घेतली, झारा धरल्यासारखा हात केला आणि सुरू झाले.

"नाही वो बाई. आमची एक पोरगी हाये अशीच. उनात डोये दिपते माहे, फसली मी..."

हुबेहूब. का नसेल? तो आवाज मी झोपेत ऐकून मोठी झाले. ईशानला हसू आवरेना, त्यानं गाडी बाजूला घेतली. सानिका म्हणाली, पुन्हा कर, पुन्हा कर, आणि फोन काढला. मी पुन्हा केलं. दुसऱ्यांदा अधिक चांगलं केलं. मावशी शेवटी आवाज जरा खाली टाकते, तोही टाकला. तो आवाज त्या दिवशी का खाली गेला होता, हे गाडीत फक्त मला माहीत होतं, आणि मी त्याचा उपयोग केला.

सानिकानं रील टाकलं. लोणारला पोचेपर्यंत त्याला बऱ्याच जणांनी पसंत केलं होतं. तळ्याकाठी उभी राहून मी ते पाहत होते; तळं पाहिल्याचं मला आठवत नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. रील फिरत फिरत आमच्याकडे गेलं. आईचा फोन आला. मी फोन घेऊन गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. पण आई हसत होती! "काय वं गुड्डे, मावशीची काय नक्कल केली तू! सारं गाव पाहून राह्यलं." त्यांना वाटलं, मी मावशीच्या आठवणीनं केलंय. कौतुकानं. दुसरबीडला मावसभावानं ते हॉटेलात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं — आमची गुड्डी, पुण्यात असते. कढईपाशी बसलेल्या मावशीलाही दाखवलं. आईला मी कसंबसं विचारलं, मावशी काय म्हणाली? आई म्हणाली, "काय म्हनन? हासली. म्हने, अशीच बोलतो ना मी."

म्हणजे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिच्यासमोर उभी राहून तिला ओळख दिली नाही, हे बहिणीला नाही, मुलांना नाही. ते शब्द तिनं मला वाचवायला उच्चारले होते, आणि तेच शब्द माझ्या तोंडून, ओढणीसकट, तिच्या हॉटेलात दिवसभर वाजत होते. लोक हसत होते. तीही हसली. मी फोन करावा की नाही? नाही केला. काय बोलू म्हणून नाही केला. खरं कारण — "हॅलो" म्हणून ती कोणत्या आवाजात बोलेल, त्याची मला भीती वाटली.

त्यानंतर आमची भेट झाली ती जानेफळला, माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात. मांडवात ती दिसली. कुणीतरी ओरडलं, गुड्डे, मावशीची नक्कल करून दाखव! बायका गोळा झाल्या. मी नको नको म्हणत होते, सगळ्यांना वाटलं लाजते. मी पुढे जाऊन पाया पडायला वाकले. घरात वाकल्यावर ती पाठीत धपका घालायची, नेहमी — जगातला सगळ्यात जोराचा, डोळे पांढरे होतील असा.

ती मागे सरकली.

"राहू द्या, राहू द्या," ती म्हणाली. "जेवल्या काय तुमी?"

बायका खदखदून हसल्या. त्यांना वाटलं, पुण्याच्या पाहुणीची थट्टा करते आहे. माझी आईही हसली. मावशी नव्हती हसत. रागातही नव्हती — राग मला ओळखता आला असता. ती एखाद्या परक्या बाईला विचारावं तशा आदरानं विचारत होती आणि उत्तराची वाट पाहत होती.

मांडवात सगळे होते. तिथं मला सांगता आलं असतं — तिला, आईला, सगळ्यांना. मी म्हणाले, "हो, जेवले."

जेवले नव्हते. तिनं मान हलवली आणि वाढायला पुढच्या पंगतीकडे गेली.