'सवडीनं' ही तारीख न्हाय

"या की एकदा घरी" हे वाक्य खरं मानणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होऊन गेला, आणि ते आमचे साहेब होते. आमच्या गावात हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोललं जातं. बोलणाऱ्याला पाहुणा नको असतो, ऐकणाऱ्याला जायचं नसतं, आणि दोघंही समाधानानं आपापल्या वाटेला लागतात. साहेब मात्र तिथंच थांबायचे. शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढायचे, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे आणि शांतपणे विचारायचे, "कधी?" समोरचा हसायचा. साहेब हसायचे नाहीत. "बुधवारी चालंल? सात वाजता?" आता चारचौघांत बुधवारला नाही कसं म्हणणार? शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं एकदा असंच हो म्हटलं, आणि बुधवारी सातला साहेब अर्धा किलो पेढे घेऊन त्याच्या दारात हजर. दाराला कुलूप. मंडळी गावच्या जत्रेला गेलेली. साहेब आठ वाजेपर्यंत पायरीवर बसले, पेढे शेजाऱ्यांना देऊन आले आणि गुरुवारी सकाळी त्याला फोन करून म्हणाले, "कालचं राहिलं. आता कधी?" त्यानंतर साहेब दिसले की तो व्यापारी रस्ता ओलांडायचा. पुढं पुढं बरेच जण ओलांडायला लागले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट म्हणून लागले. शाहूपुरीत पुढं ऑफिस, मागं पत्र्याची शेड. आजऱ्याहून सोललेला काजू पोत्यांतून यायचा आणि शेडमध्ये बारा बायका तो निवडायच्या: अख्खा वेगळा, दोन फाका झालेली पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. मग डबे भरायचे. साहेब मॅनेजर. मी लागले त्याच वर्षी मालकांनी त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. लोक पुण्याहून बाकरवडी आणतात, साहेबांनी एक हिरवी फाइल आणली. दुसऱ्याच दिवशी सुताराकडून फळा करून घेतला आणि शेडच्या भिंतीवर टांगला. त्यावर ऑइलपेंटनं चार रकाने आखले: काय करायचं, किती, कधीपर्यंत, झालं का. दर सोमवारी सव्वानऊला त्या फळ्यासमोर दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं. बसायचं नाही, कारण बसलं की माणूस भाषण करतो. 'चांगलं', 'लवकर' आणि 'जास्त' या तीन शब्दांना शेडमध्ये बंदी होती. मी पहिल्या सोमवारी लिहिलं, 'पत्रव्यवहार वेळेवर करणे.' साहेबांनी ते बाहीनं पुसलं. "वेळेवर म्हंजे कधी, बाई? जे मोजता येत न्हाय ते काम न्हाय, ती नुसती इच्छा हाय." चिडून मी लिहिलं, 'आलेल्या पत्राला तिसऱ्या दिवसाच्या आत उत्तर.' खरं सांगायचं तर त्या आठवड्यापासून मी सुखानं घरी जायला लागले. तोवर रोज काहीतरी राहिलंय असं वाटत असे. आता संपलं कधी हे कळायला लागलं.

पण त्यांचं मोजणं पत्रांवर थांबत नसे. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून येणारा चहा गार असतो अशी बायकांनी तक्रार केली, तर साहेबांनी विचारलं, "गार म्हंजे किती गार?" कुणाला सांगता येईना. तेव्हा त्यांनी औषधांच्या दुकानातून ताप बघायचं थर्मामीटर आणलं आणि किटलीत बुडवलं. ते फुटलं. पाऱ्यासकट सगळा चहा गटारात गेला. निवडणाऱ्या बायकांची म्होरकी अक्काताई गंभीर तोंड करून म्हणाली, "सायेब, च्याला ताप लईच चढलाय वाटतं." साहेबांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली नाही. सोमवारी फळ्यावर आलं: 'कपाला बोट लावून तीन मोजायच्या आत काढावं लागलं, तर चहा गरम.' त्या मापावर आमच्याकडं पुढं कित्येक वर्षं चहा घेतला किंवा परत पाठवला गेला.

त्यांची सगळ्यात मोठी फजिती झाली ती तुकड्यावरून. तुकड्याला बाजारात किंमत कमी, म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'तुकडा महिन्याभरात निम्म्यावर.' पंधरा दिवसांतच तुकडा निम्म्यावर आला. साहेबांनी जिलेबी वाटली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तुकडा कमी झाला तसा अख्खा काही वाढला नव्हता. एकूण वजनच कमी भरत होतं. साहेब शेडमध्ये गेले. अक्काताईनं काही लपवलं नाही. "तुमीच म्हनलासा की, तुकडा दिसाय नको. आता दिसतोय का? पोरींनी खाल्ला." बारा बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुसरा कुणी असता तर दोघीतिघींना घरी पाठवलं असतं. साहेब फळ्यापाशी गेले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चूक माझी. मोजला तुकडा. मोजायला पायजे अख्खा.' मग खडू अक्काताईपुढं धरला. "आता किती ते तू सांग." तिला लिहिता येत नव्हतं. तिनं आकडा सांगितला, साहेबांनी लिहिला, आणि तिनं सांगितला म्हणून तो तिचा झाला. चार दिवस ती शेड सोडून टेम्पोपाशी उभी राहिली आणि पाचव्या दिवशी घरून एक जुनी कापसाची गादी घेऊन आली. हमाल वरून पोती आदळत होते, काजू तिथंच फुटत होता. गादी खाली अंथरली. अक्काताईचा आकडा मुदतीच्या आठ दिवस आधी गाठला गेला.

साहेब मूळचे शाहूवाडीकडचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायको गेली, परत केलं नाही. गावी पुतणे होते. इथं राजारामपुरीत भाड्याच्या दोन खोल्या. सगळ्या सुट्ट्यांवर त्यांचा राग, रविवारवर विशेष. एका रविवारी बाजारातून परत येताना मला ऑफिसचं शटर अर्धं उघडं दिसलं. वाकून बघितलं तर साहेब ओल्या फडक्यानं फळा पुसत होते. मी विचारलं, "रविवारी काय करताय, साहेब?" म्हणाले, "सोमवारची तयारी." मी म्हटलं, "फळा पुसायला एवढा वेळ?" ते म्हणाले, "सोमवारी तेरा माणसं बोलत्यात माझ्याशी, बाई. रविवारी शून्य. आकडा बघा की." मला घाई होती. पिशवीतली भाजी सुकत होती. मी बरं म्हणून निघाले.

माझे सासरे गेले तेव्हा साहेब भेटायला आले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि तसेच उठून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची डायरी टेबलावर उघडी होती. 'बाईंच्या घरी बसणे: वीस मिनिटं. सल्ला: शून्य.' पुढं बरोबरची खूण. क्षणभर मला राग आला. मग आठवलं, तेरा दिवसांत येऊन गेलेल्यांपैकी ज्यानं मला काही शिकवलं नव्हतं, असा तो एकच माणूस होता.

दोन हजार सालानंतर मालकांचा मुलगा कारभार बघायला लागला. कॉम्प्युटर आला. कुणी किती करायचं ते आता वरून छापून यायचं, त्यावर सगळ्यांनी सही करायची. कागद छान होता, फक्त त्यावर अक्काताईला कुणी काही विचारलं नव्हतं. साहेब दोन वर्षं त्या कागदावर सही करत राहिले आणि निवृत्त झाले. निरोपाला नारळ, शाल, भाषण. फळा अडगळीत जाणार होता. बायका म्हणाल्या, "आमच्या सायबास्नी द्या त्यो." तो टेम्पोत चढवला, खाली अक्काताईची गादी घालून. मग जो तो साहेबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "येऊ की सायेब, एकदा घराकडं." साहेबांनी खिशातून डायरी काढली, पेन्सिल जिभेला लावली. "कधी?" शेड हसून फुटायची राहिली. साहेबांची जुनी गंमत शेवटच्या दिवशीही आली म्हणून सगळे खूश झाले. मीही हसले. मी म्हटलं, "येईन सवडीनं." साहेब माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, 'सवडीनं' ही तारीख न्हाय." आणि त्यांनी डायरी खिशात ठेवली. पान कोरं होतं.

चौदा महिने मी गेले नाही. गेले तेही एक जुना परवाना सापडत नव्हता म्हणून. साहेबांना विचारल्याशिवाय ऑफिसातला कुठलाही कागद सापडत नाही हे नव्या मालकांना उशिरा कळलं होतं. त्यांच्या खोलीत समोरच्या भिंतीवर फळा. काय करायचं: पाहुणा. किती: 'आठवड्याला एक' खोडलेलं, 'महिन्याला एक' खोडलेलं, खाली 'वर्षाला एक'. शेवटचा रकाना रिकामा. मी वाचतेय हे बघून साहेब म्हणाले, "ध्येय झेपंल एवढंच ठेवावं. मी सुरवातीला जास्तच धरलं हुतं." ते खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि थांबले. "बाई, तुमी कामाला आलाय का पाहुणी?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "कामाला." साहेबांनी खडू खाली ठेवला.

परवाना कुठल्या फाइलमागं असेल ते सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली. मी ते लिहून घेतलं, पर्स बंद केली आणि म्हटलं, "काम झालं. आता पाहुणी. चहा ठेवा." त्यांनी बरोबरची खूण केली, ती दोनदा गिरवली, आणि वळून विचारलं, "परत कधी?" मी म्हटलं, "महिन्याचा दुसरा शनिवार. साडेचार." ते डायरीत लिहीपर्यंत मी थांबले.

साडेतीन वर्षं मी जात राहिले. बेचाळीस शनिवारांपैकी एकतीस. चुकलेल्यांत कधी पाहुणे, कधी मुलाची परीक्षा, कधी डोकेदुखी, आणि दोनदा नुसता आळस. त्या महिन्यांत फळ्यावर शून्य नसायचं. लिहिलेलं असायचं, 'बाईंना काम.' आळसाच्या दोन महिन्यांतही तेच. एवढ्या वर्षांत साहेबांनी आकड्यात केलेली लबाडी म्हणाल तर ती एवढीच. आम्ही फार बोलत नसू. ते कपाला बोट लावून तीन मोजत, मी अक्काताईच्या बातम्या सांगे, सव्वापाचला उठे.

त्रेचाळिसाव्या शनिवारी मी साडेचारला दाराशी गेले तर घरमालकीण बाहेर आली. शुक्रवारी पहाटे साहेब गेले होते. पुतणे येऊन दुपारीच गावी घेऊन गेले. "तुमाला कळवायचं हुतं ओ," ती म्हणाली, "पर नंबर कुटं? डायरीत नुसतं 'बाई' लिवलंय." तिनं खोली उघडून दिली. फळा स्वच्छ पुसलेला होता आणि त्यावर नव्यानं लिहिलेलं होतं: बाई. एक. दुसरा शनिवार, साडेचार. चौथा रकाना मोकळा. मी घड्याळात बघितलं. पाचच मिनिटं झाली होती. मी आले होते, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी. खडू घेतला आणि बरोबरची खूण केली. आकडा चुकलेला नव्हता. पण तुकड्याचाही चुकला नव्हता; मोजायचं राहिलं होतं ते दुसरंच.

त्यानंतर मला कुणी 'येऊ एकदा सवडीनं' म्हटलं की माझ्या तोंडून 'कधी?' निघतं. लोक रस्ता ओलांडत नाहीत अजून, पण बाई फटकळ आहे असं म्हणतात. म्हणू देत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेचारला मी दुसरं काही ठेवत नाही. चहा करते. कपाला बोट लावते आणि तीन मोजते.